ओटेवाली वृंदा

वृंदाला माणसाचं तोंड नंतर दिसायचं, आधी त्याचा खिसा दिसायचा. रस्त्यात कुणी भेटलं की ती बघायची त्याच्या बगलेत, कोपरावर, खिशाच्या तोंडाशी. जिथं कापड झिजतं तिथं. आणि मग म्हणायची, "जरा हात वर करा बघू." कुणाला म्हणावं याला काही धरबंध नव्हता. एकदा रामकुंडावर एका गुरुजींना म्हणाली. ते अंगात बंडी चढवत होते.

"का गं? दरोडा घालतेस का काय?" गुरुजी म्हणाले.

"नाही हो, तुमची बंडी काखेत ओढतेय. कोण शिवतं?"

गुरुजींनी दोन्ही हात वर केले. समोर पाटावर बसलेला यजमान, हा पण विधीचाच भाग असेल म्हणून, त्यानंही वर केले.

ही गोष्ट पंचवटीत अजून सांगतात आणि हसतात. हसायला माझी ना नाही. पण हसून झालं की पुढं म्हणतात, "चांगली पोरगी होती, पण धंदा जमला नाही. बुडाली." ते मला चालत नाही. मी तिच्याकडं पाच वर्षं कापायला होतो. ती कशानं थांबली ते मला जेवढं ठाऊक आहे तेवढं दुसऱ्या कुणाला नाही, म्हणून लिहायला बसलो. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षर वाकडं आहे, पण कात्री कधी वाकडी चालली नाही. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

वृंदा इथलीच. बापाचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. पोरीला कपड्याचं डिझाइन शिकायला बाहेर पाठवलं, ती शिकून चार वर्षं मुंबईत नोकरी करून परत आली. बाप तोवर गेला होता. दुकान भावाकडं गेलं. हिनं भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, पाच मशीनं टाकली आणि कपड्याच्या कंपनीला नाव दिलं 'ओटा'. मी विचारलं होतं, कपड्याच्या दुकानाला ओटा कोण म्हणतं? ती म्हणाली, "मास्तर, मी लहानपणी दुकानाच्या ओट्यावर बसून जेवढे कपडे बघितले तेवढे कॉलेजात नाही दाखवले कुणी."

तिचं म्हणणं असं, की आपल्या गल्लीतल्या माणसांनी आपापल्या कामापायी कपड्यात जे बदल केलेत, तेच खरं डिझाइन. हमालाच्या बंडीला डाव्या खांद्यावर जाड पट्टी का, नाववाल्याच्या पँटला गुडघ्याखाली बटण का, फुलवालीच्या पोलक्याला आतून खिसा कुठं. ते बघायचं, तसंच शिवायचं, जरा नीट शिवायचं, आणि शहरातल्या माणसांना विकायचं. मोबाइलवरून पुण्या-मुंबईची माणसं घ्यायची. आपल्या कॉलेज रोडचीही घ्यायची, पण ती खाली गल्लीत गाडी न लावता लांब लावून यायची.

माझी आणि तिची पहिली गाठ भांडणाची. मी तेव्हा माझ्या दुकानात होतो. पन्नास वर्षं हमालांच्या बंड्या शिवल्या, पण रेडिमेड आल्यापासून दिवसाला एक गिऱ्हाईक, तेही चेन बदलायला. ही आली आणि म्हणाली, "तुमच्या बंडीचा खाका काढून द्याल का कागदावर?" मी म्हणालो, "खाका माझ्या डोक्यात आहे. डोकं काढून देऊ का?" गेली. चार दिवसांनी आली ती एक फाटकी बंडी घेऊन. एका हमालाला नवा शर्ट देऊन त्याच्या अंगावरची उतरवून आणली होती. माझ्यापुढं उलटी करून ठेवली, आतली शिवण वर.

"ही तुमचीच ना?"

"कशावरून?"

"बाकी सगळे काखेत एक शिवण घालतात. तुम्ही दोन घालता आणि दुसरी तिरकी."

पन्नास वर्षांत ती दुसरी शिवण कुणाला दिसली नव्हती. ती घालणाऱ्याला दिसत नाही, फक्त त्याची बंडी फाटत नाही. मी दुकानाचं शटर ओढलं नाही त्या दिवशी, पण पुढच्या महिन्यात ओढलं आणि तिच्याकडं गेलो. अट एकच घातली, कागदावर कापणार नाही. कापडावर खडू, खडूवर कात्री. ती हो म्हणाली. पुढं कित्येक वर्षं रोज एकदा तरी कागदाचा विषय काढला तो भाग वेगळा.

चहा कधी गरम प्यायली नाही ती. कप ठेवायची आणि विसरायची, मग थंड झालेला एका दमात घशात. कानावर पेन्सिल, गळ्यात टेप, आणि अंगातला कुडता पुष्कळदा उलटा. पहिल्यांदा मी सांगायला गेलो, "बाई, कुडता उलटा घातलास." म्हणाली, "मुद्दाम. शिवण कुठं टोचते ते कळायला पाहिजे." नवा कपडा झाला की आधी ती स्वतः तो उलटा घालून दिवसभर हिंडायची. बाजारातल्या बाया म्हणायच्या, "आली उलट्या अंगाची."

तिची एक रीत होती, आणि मी सांगतोय ती गोष्ट या रीतीपायी घडली, म्हणून नीट सांगतो. कपडा ज्या माणसाचा बघून केला, त्याचं नाव त्या कपड्याच्या गळ्याला आतून लावायचं. आपण कंपनीचं लेबल लावतो तिथं. पहिला नग त्या माणसाला द्यायचा, त्यानं महिनाभर वापरायचा, शिव्या द्यायच्या, त्या शिव्यांप्रमाणं कापड सुधारायचं, मग विकायला काढायचं. आणि नावाची पट्टी छापायची नाही. त्या माणसानं प्रत्येक पट्टीवर आपल्या हातानं पेन्सिलीनं सही करायची. त्या सहीवरून आमच्या मशीनवरच्या बाया रंगीत दोऱ्यानं साखळी टाका घालायच्या. ज्याला सही येत नाही त्याला ती शिकवायची. फुलवाली तर सहीबरोबर एक फूल काढायची.

"छापून घे की, एका दिवसात हजार येतील," मी म्हणायचो.

"मग ते नाव नाही राहत मास्तर, शिक्का होतो."

मला तिनं दोनदा विचारलं, मास्तरांची बंडी काढू, तुमच्या नावानं. मी नाही म्हणालो. माझं नाव परक्याच्या मानेला नको. दुसऱ्यांदा नाही म्हटल्यावर ती दोन दिवस माझ्याशी कापडापुरतंच बोलली.

आता ठकूबाई. मखमलाबादकडनं रोज पहाटेच्या टेम्पोनं मेथी-शेपू घेऊन यायची. पासष्टीची असेल. काळी, उंच, आवाज असा की पलीकडच्या पुलावरचं गिऱ्हाईक वळून बघेल. नऊवारी, आणि नऊवारीवर नवऱ्याचा पांढरा फुल शर्ट. शेतात काम करणाऱ्या बाया घालतात तसा, ऊन लागू नये, हात खरचटू नये म्हणून. हिनं त्यात आपल्या सोयीनं फेरफार केलेला. कमरेच्या खाली दोन्ही बाजूंनी उसवून लुगड्याच्या घोळावर बसेल असा. बाह्या कोपराशी दुमडून तिथंच बटण. डाव्या बाजूला हातभर खोल खिसा, त्यात विळा राहील असा.

वृंदा तिच्यासमोर मेथीच्या ढिगाशी उकिडवी बसली. "मावशी, हात वर करा बघू."

"जुडी घ्यायची का हात बघायचे? मी काय ज्योतिषाकडं बसलेय?"

"तुमचा सदरा बघायचाय. लय भारी आहे."

"ह्यो? ह्यो आमच्या मालकाचा हाय. मालक गेलं, सदरा ऱ्हायला. त्यात काय भारी?"

"खिसा कुणी लावला?"

"मीच. मालकाला कुठं अक्कल होती खिशाची. असती तर दारूला पैसं ऱ्हायलं असतं व्हय खिशात?"

आजूबाजूच्या बाया हसल्या, वृंदा पण हसली, पण तिची बोटं तोवर त्या खिशाच्या शिवणीवर होती. तिथंच बसून तिनं मापं घेतली. ठकूबाई गिऱ्हाइकं करत होती आणि ही टेप लावत होती. जाताना सहा जुड्या घेतल्या. आमच्या बायांनी आठवडाभर डब्यात मेथीच खाल्ली.

तो सदरा आम्ही केला. मी कापला. माझ्या आयुष्यात मी बाईमाणसाला पुरुषी सदरा कापला नव्हता, म्हणून पहिला नग चुकला, पाठीत आवळला. ठकूबाईनं महिनाभर वापरून आणून माझ्या टेबलावर टाकला. "ह्यात वाकता येत नाय. कुणी कापला? त्याला सांगा चार दिवस मेथी उपट, मग काप."

"मीच कापला," मी म्हणालो.

"मग तुलाच सांगते."

मला असं बोलणारी माणसं हयात थोडी होती. मी पाठीत दोन चुण्या घातल्या. सदरा बसला. आणि असा चालला की काय सांगू. शहरातल्या बाया जीनवर घालायला लागल्या. ठकूबाईचा सदरा म्हणूनच मागायच्या.

ठकूबाईला सही वृंदानं शिकवली. बाजार उठला की दुपारी ती आमच्याकडं यायची, पाय लांब करून बसायची, पुढ्यात पट्ट्यांचा गठ्ठा. ठ काढताना जीभ बाहेर. तिचा ठ म्हणजे कलंडलेला माठ. एकदा वैतागून म्हणाली, "जल्मभर जुड्या बांधल्या, हात दुखला नाय. पाच अक्षरानं दुखाया लागला." अक्षरं चार होती, पण मोजून कुणी दाखवली नाहीत. मग स्वतःच म्हणाली, "संतूला सांगितलं, तुझी आई मुंबईत लोकांच्या मानंवर बसलीया." संतोष म्हणजे तिचा मुलगा, रिक्षा चालवतो. तो आईला घ्यायला आला की दारात उभा राहून बघायचा. आईला लिहिताना त्यानं कधी बघितलं नव्हतं.

त्याच दिवसांत मुंबईच्या एका मोठ्या दुकानाचा माणूस आला. पांढरे बूट, चहा घेतला नाही. होते तेवढे सदरे घेतो म्हणाला, पुढंही दर महिन्याला घेईन. फक्त गळ्यातलं नाव काढा.

"का?" वृंदानं विचारलं.

"मॅडम, आमचं लेबल लागेल. आणि गिऱ्हाईक विचारतं, ही ठकूबाई कोण?"

"मग सांगा की कोण ते."

"त्यांना तेवढं नको असतं."

वृंदानं सदरा घडी केला. "मग सदराही नको असेल त्यांना."

माणूस गेला. आमच्या बाया एकमेकींकडं बघत राहिल्या. त्यांचं बरोबर होतं. खोल्यांचं भाडं थकलं होतं, कापडवाला उधार देईना, हे सगळ्यांना दिसत होतं. मी म्हणालो, "पाच मशीनं चालली असती." ती म्हणाली, "नाव काढून चालवायची तर मी मुंबईतच काय वाईट होते." त्या दिवशी चहा प्यायलीच नाही.

सदरा निघाल्यापासून तिसऱ्या थंडीत ठकूबाई गेली. बाजारात, सकाळी, मेथीवर पाणी मारता मारता बसली ती आडवीच झाली. संतोष रिक्षा घेऊन पोचेपर्यंत संपलं होतं. आमच्याकडं त्या वेळी तिच्या सहीचे सत्तर-ऐंशी सदरे तयार होते, घडी करून. आमच्या दोन बायांनी त्या फळीला हात लावायचं सोडलं. मेलेल्या माणसाचं नाव अंगाला लावून कोण हिंडणार, असं त्या कुजबुजायच्या. वृंदाला ते ऐकू जायचं. ती स्वतः त्या सदऱ्यांवरची धूळ झटकायची.

दहाव्याला आम्ही सगळे घाटावर होतो. पिंड मांडला. कावळे होते, पुष्कळ होते. समोरच्या भिंतीवर बसलेले, एकही उतरेना. संतोषनं हात जोडले. "आई, धाकट्या बहिणीला अंतर देणार नाही." कावळे बसलेले. "तुझं शेत विकणार नाही." काही नाही. गुरुजींना पुढं दुसरं होतं, ते घड्याळ बघत होते. तेव्हा ठकूबाईचा दीर, गावाकडचा म्हातारा, मोठ्यानं बोलला, "शिवंल कसा? तिचं नाव हजार मानंला अडकवून ठिवलंय त्या पोरीनं. जीव सुटायला नको?"

सगळ्यांनी वृंदाकडं बघितलं. ती वरच्या पायरीवर उभी होती, तोंड पांढरं पडलेलं. दोन-चार जण मान हलवायला लागले. बाया पदर तोंडाला लावून बोलायला लागल्या. मी ते बघितलं आणि मला राहवलं नाही. मला वाटलं, आता हे त्या पोरीवर येणार. जन्मभर येणार. पंचवटी असलं विसरत नाही.

मी कुणाला काही न सांगता निघालो. किल्ली माझ्याकडंच असायची. खोली उघडली, फळीवरचे सदरे खाली घेतले, आणि उसवायला बसलो. ब्लेडनं फाडलं नाही. एकेक टाका उचलून काढला. पट्टी निघाली की बाजूला, सदऱ्याची घडी होती तशी. माझा हात त्या वयातही बघण्यासारखा चालायचा. सगळ्या पट्ट्या रुमालात बांधल्या, खालच्या अंगानं नदीवर गेलो आणि वाहत्या पाण्यात सोडल्या. हात जोडले. म्हणालो, ठकूबाई, घे तुझं नाव, सूट आता.

मग वर आलो तर दुपार कलली होती, लोक केव्हाच गेले होते, संतोष तेवढा मागचं आवरत होता. पिंड शिवलेला. मला बरं वाटलं. मी संतोषला म्हणालो, "शिवला ना?"

"शिवला की मास्तर. तुम्ही गेलात आणि लगेच. वृंदाताई खाली आल्या, हातात पाणी घेतलं. म्हणाल्या, ठकूमावशी, तुमची सही मी पुसू देणार नाही. आहे तिथं राहील. पाणी सोडलं आणि दोन कावळे एकदम उतरले."

मी पाय धुतले आणि घरी गेलो.

सांगायचं मला होतं. सकाळी लवकर गेलो, पण ती माझ्याआधी आलेली. फळीपुढं बसली होती, मांडीवर एक सदरा उलटा. मी चपला काढल्या.

"मीच काढल्या," मी म्हणालो.

"सगळ्या?"

"सगळ्या. पाण्यात सोडल्या. तुझ्यावर आळ येत होता."

ती गळ्याच्या जागेवरून बोट फिरवत राहिली. "फाडल्या की उसवल्या?"

"उसवल्या. कापडाला धक्का नाही लावला."

"भोकं दिसतायत."

"इस्त्री मारली की बुजतील."

"नका बुजवू," ती म्हणाली.

एवढंच. तिनं आरडाओरडा केला असता तर मी चार शब्द बोललो असतो. माझ्याकडं शब्द तयार होते. रीत काय असते, मोठ्या माणसांनी काय बघायचं असतं. ते सगळे शब्द माझ्याकडंच राहिले.

त्या दिवशी ती नदीत उतरली. पायजमा गुडघ्यावर दुमडून, कुंडापासून खालच्या पुलापर्यंत. झेंडूची फुलं, लोकांनी सोडलेले कपडे, सगळं उचकत गेली. मी काठानं चालत होतो. पाण्यात उतरायला माझे गुडघे चालत नव्हते, हे खरं आहे, आणि उतरायचं धाडस नव्हतं हेही. तिला तीन पट्ट्या सापडल्या. पेन्सिल धुऊन गेली होती, दोरा होता. एकीचा ठ सुटून नुसता धागा लोंबत होता. तिनं त्या खिडकीत वाळत घातल्या.

मी म्हणालो, "आपल्या बाया तशीच सही काढतील. या तीनवरून उतरवू."

"ती सही तिनं केलेली नसेल मास्तर. खोटी होईल."

मुंबईच्या दुकानाला कसं कळलं देव जाणे. त्या माणसाचा फोन आला. नावं निघालीत असं ऐकलं, आता सगळा माल घेतो, गाडी पाठवतो. फोन सगळ्यांसमोर झाला. ती नाही म्हणाली. त्या वेळी मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. म्हणालो, "झालं ते झालं. आता तरी दे. चार बायांची चूल आहे या खोलीवर."

"मी कावळ्याला शब्द दिलाय."

"तो कावळा काय कोर्टात जाणार आहे?"

"जाणार नाही," ती म्हणाली, "म्हणून तर."

उन्हाळ्याच्या आत दोन बाया दुसरीकडं लागल्या. मग तिसरी, चौथी. वृंदानंच त्यांना जागा शोधून दिली, एकीला शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात, एकीला ब्लाउजवाल्याकडं. मशीनं गेली. शेवटी आम्ही दोघं आणि एक टेबल. मला कागदाबद्दल विचारायचं तिनं सोडून दिलं होतं. मी एका दुपारी, काही काम नव्हतं म्हणून, बंडीचा खाका कागदावर काढला आणि तिच्यापुढं सरकवला. तिनं बघितला, गुंडाळून पिशवीत घातला. "बरं झालं," म्हणाली. पूर्वी नाचली असती.

मग तिनं नवंच सुरू केलं. त्या सदऱ्यांना पट्ट्या लावायच्या, पण सही नाही. साधं, सरळ, आपल्या हातानं लिहायचं आणि आपल्याच हातानं टाका घालायचा. ठकूबाई, मेथीवाली. एवढंच. रोज दोन-तीन व्हायचे. झालेले सदरे तिनं विकले नाहीत. बाजारात, टेम्पोतून उतरणाऱ्या बायांना, द्राक्षाच्या बागेत छाटणीला जाणाऱ्या बायांना देत सुटली. देताना प्रत्येकीला सांगायची कुणाचा आहे. काही बाया घ्यायच्या, काही नाव ऐकून मागं सरायच्या. मागं सरलेलीला ती आग्रह करायची नाही.

मी चुकलो असं तिला म्हणालो नाही. म्हणायला पाहिजे होतं का, याचा विचार मी करतो. माझ्या बापानं मला रीत शिकवली ती खोटी नव्हती. मी वाईट मनानं काही केलं नाही. पण त्या खोलीत ती एकटी बसून सुईत दोरा ओवायची, आणि मी समोर बसून बघायचो, तेव्हा या दोन्ही गोष्टी माझ्या काही कामाच्या नव्हत्या.

खोल्या सोडल्यावर पुण्याच्या एका रेडिमेडवाल्या कंपनीनं तिला नोकरीवर बोलावलं. जाणार त्या दिवशी मी स्टँडवर गेलो. बोलावलं नव्हतं तिनं. दुपारची वेळ, गर्दी, भेळवाला ओरडत होता. ती बाकड्यावर बसली होती, एक पिशवी, एक बॅग, आणि मांडीवर सदरा. टाका घालत होती. कानावर पेन्सिल नव्हती.

मी शेजारी बसलो. "किती राहिलेत?"

"हा धरून सहा."

"दे इकडं. मी करतो. तुझी गाडी येईल."

तिनं मान वर केली नाही. "असू द्या मास्तर. हे मलाच करायचंय."

मी हात मागं घेतला. ती सुई खाली घालायची, वर ओढायची. दोरा संपला की पिशवीतून नवा घ्यायची, ओवायला तिला तीनदा लागलं, चौथ्यांदा जमलं. मी सुई धरायला हात पुढं केला नाही. गाडी लागली तेव्हा ती उठली, सुई सदऱ्यात टोचली, बॅग उचलली. "गुडघ्याला तेल लावत जा," म्हणाली आणि चढली.

तिला खिडकीशी जागा मिळाली. गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्या वाजवत होता, लोक पिशव्या वर टाकत होते. तिनं बाहेर बघितलं नाही. सदरा पुन्हा मांडीवर घेतला होता. गाडी फाटकातून वळेपर्यंत मला तिचा उजवा हात तेवढा दिसत होता, खाली जायचा, वर यायचा.